कँडीचा कुत्रा

जॉन स्टाइनबेकच्या 'ऑफ माइस अँड मेन' या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या लघुकादंबरीत एकाच पिस्तुलातून दोनदा गोळी सुटते आणि दोन्ही वेळा ती एकाच जागी, डोक्याच्या मागच्या बाजूला लागते. पहिल्या गोळीने एक म्हातारा कुत्रा मरतो, दुसऱ्या गोळीने एक माणूस. दोन्ही वेळा दिलेले कारणही जवळपास सारखेच आहे: याचे पुढे हालच होणार, त्यापेक्षा हे बरे. ही कादंबरी जिथे जिथे शिकवली जाते, तिथे शेवटी चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते, की जॉर्जने लेनीला मारले ते योग्य केले की अयोग्य. मलाही हा प्रश्न बरीच वर्षे पुरेसा वाटत असे. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगायचे तर लेनीच्या आधी कुत्र्याकडे जावे लागेल.

कथा कॅलिफोर्नियातल्या सोलेदाद गावाजवळची, महामंदीच्या दिवसांतली. पोटासाठी एका शेतमळ्यावरून दुसऱ्यावर फिरणारे जॉर्ज आणि लेनी हे दोघे मजूर. लेनी अंगाने राक्षसी आणि बुद्धीने लहान मूल. मऊ वस्तू कुरवाळायची त्याला ओढ आहे, आणि त्याच्या हातात सापडलेली मऊ वस्तू बहुधा मरते. दहा एकरांचा एक तुकडा घ्यायचा, कुणाची चाकरी करायची नाही आणि लेनीने ससे पाळायचे, हे दोघांचे स्वप्न. मळ्यावर कँडी नावाचा एक म्हातारा झाडलोटीचे काम करतो. कामावर असतानाच त्याचा एक हात यंत्रात गेला, त्याचे अडीचशे डॉलर त्याला मिळाले, आणि तेव्हापासून 'आपल्याला कधी काढून टाकतील' ही भीती पोटात घेऊन तो दिवस ढकलतो आहे. त्याच्याबरोबर एक कुत्रा असतो, पिल्लू असल्यापासून सांभाळलेला. एके काळी तो मेंढरे राखण्यात पटाईत होता. आता त्याला दिसत नाही, सांधे आखडले आहेत, दात पडले आहेत, आणि कँडी पाजतो त्या दुधावर तो जगतो आहे.

मजुरांच्या झोपण्याच्या खोलीत कार्लसन नावाचा गडी विषय काढतो, आणि त्याचे पहिले वाक्य कुत्र्याच्या वेदनेबद्दल नसते. त्याला वास येतो, ही तक्रार आहे. कुत्रा खोलीत आला की दोन-तीन दिवस वास जात नाही, असे तो म्हणतो. मग हळूहळू भाषा बदलत जाते: तो तुझ्याही कामाचा नाही, तो स्वतःच्याही कामाचा नाही, त्याला सुटका दे. कार्लसन दुष्ट नाही. तो आपले पिस्तूल देऊ करतो, गोळी नेमकी कुठे लागली की कुत्र्याला कळणारही नाही ती जागा बुटाच्या टोकाने दाखवतो, आणि बदल्यात एक पिल्लू मिळेल अशी तजवीजही सुचवतो. गैरसोयीतून निघालेली मागणी चार वाक्यांत करुणेच्या भाषेत कशी जाऊन बसते, हे इतक्या थोडक्यात दाखवणारा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. या खोलीत कोणी खोटे बोलत नाही, हीच त्यातली अस्वस्थ करणारी गोष्ट. कुत्रा खरोखरच म्हातारा आहे, त्याला खरोखरच त्रास होत असणार, आणि खोलीत खरोखरच वास येतो. फक्त या तीन सत्यांपैकी कशामुळे विषय निघाला, हे एकदा सांगून झाल्यावर पुन्हा कोणी बोलत नाही.

कँडी एकेकाच्या तोंडाकडे पाहतो. शेवटी तो स्लिमकडे पाहतो, कारण स्लिम हा त्या मळ्यावरचा न्यायी माणूस आहे आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. स्लिम कार्लसनला दुजोरा देतो, आणि वर म्हणतो की आपण म्हातारे आणि पांगळे झालो तर आपल्यालाही कोणीतरी गोळी घालावी. हे वाक्य तो ज्याच्यासमोर बोलतो तो कँडी म्हातारा आहे आणि त्याला एक हात नाही. मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा हे वाक्य डोळ्यांखालून गेले आणि मनात राहिले नाही. स्लिम इतका भला आहे, की त्याचे बोलणे आपण तपासून पाहत नाही. या वाक्याकडे मी शेवटी पुन्हा येईन.

कार्लसन कुत्र्याला बाहेर नेतो. आत पत्त्यांचा डाव मांडला जातो, कोणी काही बोलू पाहतो, कोणाला काही सुचत नाही. गोळीचा आवाज येतो. कँडी कूस बदलून भिंतीकडे तोंड करतो. थोड्या वेळाने कार्लसन परत येतो आणि त्याच्याच समोर बसून पिस्तूल साफ करतो. नंतर कँडी जॉर्जला म्हणतो की तो कुत्रा मी स्वतः मारायला हवा होता, परक्याच्या हातून मारू द्यायला नको होता. या एका उद्गारामुळे पुढे जॉर्ज काय करणार हे कळते, असे शिक्षक मुलांना सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण कँडीला हा उद्गार का काढावासा वाटला असेल, हे मला पुस्तकातून नव्हे, परळमध्ये कळले.

परळला प्राण्यांचे एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले एक इस्पितळ आहे. जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात आणि टॅक्सीवाल्यालाही तेच नाव सांगावे लागते. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या तात्यांचा मोत्या म्हातारपणी मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडला. त्याला उठता येईना, पाणी पोटात ठरेना, आणि आता इंजेक्शन देऊन झोपवणे हेच बरे असे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. तात्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "तू ने गं त्याला. माझ्याच्याने नाही व्हायचं." मी नेले. काम शांतपणे झाले, तिथल्या माणसांनी ते हळुवारपणे केले, यात मला काही शंका नाही. परंतु मोत्या शेवटपर्यंत माझ्याकडे पाहत नव्हता, दाराकडे पाहत होता. नंतर तात्यांनी मला चहाला बोलावले, चाळीच्या पुनर्विकासापासून पेन्शनपर्यंत सगळे विषय काढले, पण मोत्या कसा गेला हे विचारले नाही. तात्यांना दोष द्यावा असे यात काही नाही. मला एवढेच समजले, की त्या टेबलाशी मी परकी होते, आणि वेदना थांबवण्याची कृती कितीही योग्य असली तरी ती कोण करतो याने तिच्यात फरक पडतो.

प्राण्यांच्या बाबतीत आपल्या कायद्यानेही ही गोष्ट सोपी करून ठेवली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातले तेरावे कलम असे मानते, की काही अवस्थांमध्ये प्राण्याला जिवंत ठेवणे हीच क्रूरता ठरू शकते. माणसाच्या बाबतीत तसे लिहायला कायद्याची लेखणी धजत नाही, आणि तिने धजू नये असेच माझे मत आहे. कारण प्राण्यासाठी निर्णय घेताना 'त्याला काय हवे आहे' हे विचारण्याची सोयच नसते. माणसाच्या बाबतीत ती असते. ती वापरली जात नाही, ही वेगळी गोष्ट.

त्याच परळमध्ये केईएम रुग्णालय आहे, आणि या देशात दयामरणावर जो काही कायदा आज आहे, त्याची सुरुवात तिथल्या चार नंबरच्या वॉर्डात झाली. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानभाग या परिचारिकेवर रुग्णालयातल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्यामुळे तिच्या मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत ती बेचाळीस वर्षांच्या आसपास तिथेच होती. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की तिला अन्न भरवणे थांबवण्याची परवानगी मिळावी. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ग्यान सुधा मिश्रा यांनी ती फेटाळली. त्याच निकालात विशिष्ट अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, जीवरक्षक उपचार थांबवता येतील हे तत्त्व मान्य झाले, म्हणून तो ऐतिहासिक ठरला. मात्र मला त्यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. न्यायालयाने विचारले, की या बाईचे आपले माणूस कोण? जिने तिच्यावर पुस्तक लिहिले आणि जिला तिच्याविषयी निःसंशय कळकळ होती ती, की ज्यांनी इतकी वर्षे तिला भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले, इतके की अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत, त्या परिचारिका? उत्तर परिचारिकांच्या बाजूने गेले. त्यांचे म्हणणे होते की ती जगावी. पुढे कधी त्यांचे मत बदलले, तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे, असेही न्यायालयाने म्हटले.

कँडीचा निकष सर्वोच्च न्यायालयात मान्य झाला, असे म्हणायचा मोह होतो. दूध पाजणाऱ्याला विचारा, वास येणाऱ्याला नव्हे. परंतु इथे थांबले तर आपण अर्ध्यावरच थांबलो असे होईल, कारण अरुणाला काय हवे होते हे परिचारिकांनाही माहीत नव्हते आणि विराणींनाही नव्हते. आपल्या माणसाचा निर्णय परक्याच्या निर्णयापेक्षा बरा असेल, पण म्हणून तो त्या माणसाचा स्वतःचा निर्णय होत नाही. ही फट कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणात सर्वांत रुंद दिसते.

गोठ्यात मालकाच्या मुलाची, कर्लीची, तरुण बायको लेनीला आपले केस हातात घेऊन बघ म्हणते. तो ते घट्ट धरतो, ती ओरडते, तो घाबरतो, आणि तिची मान मोडते. तिला कादंबरीत नाव नाही. ती मेल्यावर कँडी तिच्या प्रेताला शिव्या घालतो, कारण जॉर्ज-लेनीच्या जमिनीत तोही भागीदार होणार होता आणि तिच्यामुळे ती जमीन गेली. कर्ली सूडाच्या मागे लागतो. बाकीचे कर्लीच्या मागे. त्या खोलीत, त्या मळ्यावर, तिच्यासाठी शोक करायला कोणी दोन मिनिटे थांबत नाही. दयेवर होणाऱ्या आपल्या चर्चासुद्धा तिच्यावरून पुढे निघून जातात, हे लक्षात आल्यावर मला या विषयावर लिहितानाच जरा संकोच वाटतो. अरुणाच्या बाबतीतही तिला मरू द्यावे की नाही यावर देशभर जेवढे बोलले गेले, त्याच्या तुलनेत तिच्यावर हल्ला करणाऱ्याला फक्त चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली आणि लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही, यावर फार कमी बोलले गेले.

तर, प्रेत सापडल्यानंतर जॉर्ज पहिल्यांदा काय म्हणतो? तो म्हणतो की लेनीला शोधून बंदिस्त करावे लागेल, तो पळून गेला तर उपाशी मरेल. कदाचित ते त्याला कोंडतील आणि त्याच्याशी बरे वागतील. म्हणजे सुरुवातीला जॉर्जच्या मनात लेनी जगणार आहे. कर्ली असे होऊ देणार नाही, हे कँडी त्याला सांगतो. मग स्लिम म्हणतो, की समजा कोंडले, जखडून ठेवले, पिंजऱ्यात घातले, तर तेही काही चांगले नाही. दरम्यान कार्लसनचे पिस्तूल नाहीसे झालेले असते. जॉर्जच्या मनातला निर्णय नेमका कोणत्या क्षणी झाला, हे स्टाइनबेक सांगत नाही. त्याने ही कादंबरी नाटकासारखी लिहिली आहे, पात्रांच्या मनात तो शिरत नाही, फक्त हात, चेहरे आणि बोलणे दाखवतो. (तिच्या पहिल्या खर्ड्याचा बराच भाग त्याच्या टोबी नावाच्या कुत्र्याने फाडून टाकला होता, आणि तरी त्याने कुत्र्याला फारशी शिक्षा केली नाही. एवढ्या गंभीर विषयात ही माहिती कुठे ठेवावी हे मला कळत नाही, म्हणून कंसात ठेवली.) पण ज्या दारांतून लेनी जिवंत बाहेर पडू शकला असता ती एकेक करून कशी बंद होत गेली, हे तासाभराच्या त्या घटनाक्रमात मोजता येते. पळून जाणे हा मार्ग पूर्वी एकदा वापरून झाला होता. आधीच्या गावात लेनीने एका मुलीचा झगा धरून ठेवला म्हणून दोघांना रातोरात पाण्याच्या पाटात लपून निसटावे लागले होते. कायदा हा मार्ग कर्लीच्या बंदुकीने बंद केला. इस्पितळाचा मार्ग स्लिमच्या एका वाक्याने बंद झाला.

मी या शेवटच्या मार्गावर बराच वेळ अडते, कारण तो कादंबरीबाहेर खरोखर घडलेला आहे. स्टाइनबेकने १९३७ साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राला मुलाखत देताना सांगितले होते, की लेनी हा खरा माणूस होता. आपण त्याच्याबरोबर बरेच आठवडे काम केले. त्याने मुलीला मारले नव्हते, तर सोबत्याला कामावरून काढल्याच्या रागात मळ्यावरच्या मुकादमाला मारले होते. आणि तो त्या वेळी कॅलिफोर्नियातल्या एका मनोरुग्णालयात होता. म्हणजे ज्या शक्यतेला स्लिम 'पिंजरा' म्हणतो, तिथे खरा लेनी कादंबरी लिहिली जात असताना श्वास घेत होता. त्याचे तिथे कसे चालले होते हे मुलाखतीत येत नाही. चांगले चालले असेल असे मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियाच्या त्या काळातल्या मनोरुग्णालयांमध्ये हजारो माणसांची सक्तीने नसबंदी करण्यात आली, आणि १९०९ पासून तसा कायदाच होता. त्यामुळे स्लिमची भीती अनाठायी नव्हती. पण भीती खरी असणे आणि मरण हा एकच मार्ग उरणे, या दोन गोष्टी एक नाहीत. पिंजरा वाईट आहे, याचा अर्थ पिंजरा बदलायला हवा असा होतो. आतला जीव संपवायला हवा असा अर्थ फक्त तेव्हाच निघतो, जेव्हा पिंजरा बदलण्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

जॉर्जने केले ते दयेपोटी केले, याबद्दल मला शंका नाही. मात्र लेनीचे मरण हे दयामरण होते, असे मी म्हणू शकत नाही. लेनी आजारी नव्हता. त्याला वेदना होत नव्हत्या. त्याला मरायचे नव्हते. नदीकाठी जॉर्ज त्याला टोपी काढायला सांगतो, पलीकडे बघायला सांगतो, आणि त्याच्याजवळ बसून जमिनीची, गाईची, सशांची तीच जुनी गोष्ट सांगू लागतो. आपण रागावलो नाही, कधीच रागावलो नव्हतो, हेही सांगतो. लेनीचे शेवटचे बोलणे असे आहे, की आत्ताच करू या, ती जागा आत्ताच घेऊ या. जॉर्ज म्हणतो, हो, आत्ताच. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते ते इथे, आणि माझ्याही आले आहे. परंतु डोळे पुसून झाल्यावर दिसते ते असे, की लेनीने ज्याला होकार दिला ती गोष्ट वेगळी होती आणि त्याला मिळाली ती वेगळी. जॉर्जने त्याला भीती वाटू दिली नाही. कर्ली त्याच्या पोटात गोळी घालणार होता, तिथे जॉर्जने ती अशा जागी घातली की त्याला कळले नाही. जॉर्जच्या हातात जी दया होती ती मरणाच्या पद्धतीपुरती होती. मरण स्वतः दुसऱ्यांनी ठरवले होते.

एखाद्याला हा भेद शब्दच्छल वाटेल. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दशकात हा भेद पुसून टाकण्याचा प्रयत्न एका राज्यसत्तेने प्रत्यक्ष केला. कादंबरी आली त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ साली, जर्मनीत मनोरुग्णांना आणि अपंगांना ठार मारण्याची मोहीम सुरू झाली, आणि तिला परवानगी देणाऱ्या हिटलरच्या पत्रातही कृपेच्या मृत्यूची भाषा होती. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत, मोहिमेच्या पहिल्याच टप्प्यात, सत्तर हजारांहून अधिक माणसे विषारी वायूने मारली गेली. 'तो स्वतःच्याही कामाचा नाही' हे कार्लसनचे वाक्य तिथे सरकारी फॉर्मवर आले होते. रुग्ण काय काम करू शकतो, असा रकाना त्या फॉर्मवर होता. स्टाइनबेकला हे आधी दिसले होते असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते, की उपयोगाच्या मापाने जीव मोजणारी माणसे त्याने मजुरांच्या खोलीत पाहिली होती आणि ती चांगली माणसे होती.

लेनीचे पुढे आणखी एक विचित्र आयुष्य झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली ठरवले की बौद्धिक अपंगत्व असलेल्या गुन्हेगाराला फाशी देता येणार नाही. मग असा माणूस ओळखायचा कसा, हे ठरवताना २००४ साली टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने निकालपत्रात लेनीचाच दाखला दिला: लेनीसारख्याला सूट मिळावी हे बहुतेक टेक्सासवासीयांना मान्य होईल. बाकीच्यांची परीक्षा मात्र काही ठोकताळ्यांनी व्हावी. त्या ठोकताळ्यांच्या आधारे काही माणसांना सूट नाकारली गेली. २०१२ साली अशीच एक शिक्षा अमलात येण्याच्या वेळी लेखकाचे पुत्र थॉमस स्टाइनबेक यांनी जाहीर निषेध केला, की वडिलांनी हे पात्र कोण मरावे हे ठरवण्याचा निकष म्हणून निर्माण केले नव्हते. २०१७ साली ते ठोकताळे सर्वोच्च न्यायालयाने नाकारले. ज्या लेनीसाठी कादंबरीत कायद्याचे दार उघडले नाही, तो कायद्याच्या पुस्तकात दारावरचा पहारेकरी झाला.

इथे मुंबईत दार कसे बंद होते, ते मी एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर पाहिले आहे. मावशी व्हेंटिलेटरवर होती. सुधारणेची आशा कमी आहे, पण उपचार थांबवणे आमच्या हातात नाही, असे डॉक्टर सांगत. आणि घरी न्यायचे असेल तर सल्ल्याविरुद्ध नेत असल्याची सही द्या, असेही सांगत. हा प्रकार नवा नाही. डिस्चार्जच्या कागदावरच्या त्या चार शब्दांखाली किती घरांनी काय काय ठरवले असेल, याची नोंद कुठेच होत नाही. मावसभाऊ हातात बिलाचा कागद घेऊन उभा होता आणि तिचे हाल बघवत नाहीत, असे पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो खोटे बोलत नव्हता. हालही खरे होते आणि बिलही खरे होते, आणि त्या दोहोंपैकी कोणते त्याच्या तोंडून बोलत आहे हे त्याला स्वतःलाही वेगळे करता आले नसते. मावशी मधूनमधून शुद्धीवर येत असे. डोळे उघडून आमच्याकडे पाहत असे. तिला कोणी काही विचारले नाही. तिला ताण नको, असे सगळ्यांचे मत पडले.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असे विचारण्याची एक रीत घालून दिली आहे. शुद्धीत असताना, धडधाकट असताना, आपल्याला पुढे कोणते उपचार नकोत हे माणूस लिहून ठेवू शकतो, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे हेही. सुरुवातीला त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावे लागे, त्यामुळे फारसे कोणी गेले नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती अट सैल करून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर आणली गेली. माझ्या मते या कागदाचे मोल मरणाच्या परवानगीत नाही. त्याचे मोल असे, की त्यामुळे निर्णयाची पहिली ओळ कार्लसनच्या हातून, जॉर्जच्याही हातून निघून ज्याचा जीव आहे त्याच्या हाती येते. लेनीसारख्याला मात्र हा कागद लिहिता येणार नाही, आणि त्याच्यासाठी काय करायचे याचे उत्तर या निकालातही पुरेसे नाही.

आणि लिहू शकणाऱ्याच्या इच्छेचे काय? इथे मला स्लिमच्या त्या वाक्याकडे परत यायचे आहे. मिनू मसानी यांनी १९८१ साली याच शहरात सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली, तेव्हापासून स्वेच्छेच्या बाजूचा युक्तिवाद आपण ऐकत आलो आहोत, आणि असाध्य आजाराच्या यातनांबाबत तो मला पटतो. परंतु २०१७ च्या अखेरीस दक्षिण मुंबईतल्या एका निवृत्त, निपुत्रिक दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली, तेव्हा त्यांना कोणताही असाध्य आजार नव्हता. आता आपला समाजाला काही उपयोग नाही, आणि पुढे अंथरुणाला खिळून परावलंबी व्हायचे नाही, हे त्यांचे म्हणणे होते. वर्तमानपत्रांत ते पत्र वाचताना कोणी त्यांचे धैर्य वाखाणत होते, कोणी त्यांना वेड्यात काढत होते. मला कँडी आठवला.

कारण कँडीही मरण मागतो. मळ्यावरून काढून टाकतील तेव्हा कोणीतरी आपल्याला गोळी घालावी, असे तो जॉर्ज आणि लेनीला म्हणतो. ही त्याची स्वतःची इच्छा आहे, तिच्यात कोणाची जबरदस्ती नाही. एखाद्या न्यायालयापुढे ती मांडली तर संमतीच्या सगळ्या कसोट्यांवर ती टिकेल. पण ती त्याने उचलली आहे स्लिमच्या तोंडून, त्याच संध्याकाळी, जवळजवळ त्याच शब्दांत. उपयोग संपला की जगण्याचा हक्क संपतो, हे माप त्याच्या कुत्र्याला लावले गेले आणि त्याने ते निमूटपणे स्वतःला लावून पाहिले. म्हणून 'त्याची तशी इच्छाच होती' हे वाक्य ऐकले की ती इच्छा त्याला कोणी शिकवली, असे विचारावेसे वाटते, आणि दुसरे काही मिळाले असते तर ती टिकली असती का, असेही.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत आहे. कँडी ही इच्छा बोलून दाखवतो ती जॉर्जने त्याला जमिनीत भागीदार करून घ्यावे म्हणून विनवताना. आपल्याजवळचे साडेतीनशे डॉलर तो देऊ करतो. आपण स्वयंपाक करू, कोंबड्या बघू, भांडी घासू, आणि फारसे जमत नसले तरी बागेत खुरपे धरू, असे सांगतो. नीट काम न येताही जिथून कोणी हाकलणार नाही, अशी एक जागा त्याला हवी आहे. मला गोळी घालावी, पण हे लोक तेवढेही करणार नाहीत, असे म्हणून झाल्यावर तो गप्प बसत नाही. त्याच दमात तो जॉर्जला हिशेब सांगतो, की तुम्ही इथून निघेपर्यंत माझे आणखी तीस डॉलर येणे असेल.